चुकलंमाकलं पदरात घ्यावं

खडेबाजार, बेळगाव
ता. २८ एप्रिल १९४०

शरच्चंद्र,

आशीर्वाद आहेतच. भांडणात मी ते काही परत मागून घेतले नव्हते.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं. वसुधानं पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पोस्टमनच्या देखत डोळ्यांना पदर लावला. धाकट्या दिरावर तिचा पहिल्यापासून जरा जास्तच जीव. तिनंच मोठ्यानं वाचायला घेतलं: मुंबईची दमट हवा, तुझा दमा, प्रमोदिनीनं नव्या जागेत लावलेली तुळस, इंटरच्या इंग्रजीच्या पेपरांचा ढीग, आणि मग मला हसवायला म्हणून घातलेली ती गंमत.

ती गंमत मीच पुन्हा लिहितो. एका उमेदवारानं खेड्यातल्या जीवनावर इतका शिस्तीचा निबंध लिहिला की तू पेन्सिल बाजूला ठेवून वाचत राहिलास. आणि शेवटी त्यानं थेट परीक्षकालाच उद्देशून लिहिलं, की लेकराचं काही चुकलंमाकलं असेल तर विद्वान परीक्षकांनी पदरात घ्यावं आणि आल्या वाटेनं सुखरूप घरी पोचवावं. 'दादा, मी काही त्याला पदरात घेतला नाही, नियमाप्रमाणे गैरप्रकार तपासणाऱ्या समितीच्या पदरात टाकला,' असं तू लिहितोस. वसुधा खूप हसली. मी हसलो नाही, तेव्हा 'तुम्हांला भावाचं काही गोडच लागत नाही' म्हणून रागावून आत गेली.

शरद, तो मुलगा माझा आहे.

तुला त्याचा नंबर ठाऊक, मला नाव. भरमा घाडी, माझ्या वर्गातला. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरी भाताची शेती. त्यांच्या गावातून कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. गावाला इंग्रजी म्हणजे मामलेदाराचा हुकूम एवढंच माहीत. असला शेवट करणारा मुलगा अख्ख्या इलाख्यात दुसरा नसणार, म्हणून नंबर न विचारताच मी ओळखला.

तू इथं शिकवत होतास ते वर्ष आठव. मधल्या सुट्टीत असल्याच मुलांचे निबंध तू नाकात बोलून मास्तरमंडळींना वाचून दाखवायचास. एकदा मी तो कागद तुझ्या हातातून ओढला आणि नको ते बोललो. तू सामान बांधलंस. जाताना म्हणालास, 'दादा, ही मुलं इंग्रजीत निबंध लिहीत नाहीत, गाऱ्हाणी घालतात.' तुझं म्हणणं खरं होतं. मी पुढं त्या खऱ्याचा उपयोग केला, आणि त्यातूनच हे निस्तरायला आलं आहे.

ह्यात फसवणूक नाही एवढं समितीला कळव. उलट टपाली उत्तर दे.

हरिभाऊ

खडेबाजार, बेळगाव
ता. १९ मे १९४०

शरद,

तुझं उत्तर मिळालं. 'ह्या विषयावर खासगी पत्रव्यवहार करणे उचित नव्हे.' वाक्य चांगलं आहे. उचित नाही असं म्हणणारा कोण, ते कुठं दिसत नाही. मी वर्गात हेच शिकवतो, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडानं करू?

तरी मी लिहिणार. उत्तर देऊ नकोस, पण वाच.

पहिल्या दिवशी मी मुलांना सांगतो: कागदावर शपथा घेऊ नका, हात जोडू नका, आईला मध्ये आणू नका. काटकसरीवर निबंध दिला तर भरमानं लिहून आणलं होतं, 'मी खरंच सांगतो साहेब, माझ्या आईनं एका लुगड्यावर तीन पावसाळे काढले.' मी ते खोडलं. फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'असे म्हणता येईल.' भरमा उभा राहिला.

"सर, असं म्हणता येईल म्हंजे म्हणतंय कोन?"

"कोणी नाही. तेच तर शिकायचं."

"कोन म्हणतच न्हाय तर ऐकायचं कुणाचं?"

वर्ग हसला, मीही हसलो.

गोकाककडची कानडी मुलं काय आणि आमची मराठी काय, सगळ्यांची हीच गत. समोर माणूस दिसल्याशिवाय त्यांना लिहिता येत नाही. परीक्षक दिसत नाही, मग ती त्याला साहेब करतात, मायबाप करतात, आणि तुझ्यासारखा शिकलेला माणूस हसून पोट धरतो.

गेल्या साली भरमानं मला त्याच्या गावच्या जत्रेला नेलं. त्याचा बाप रवळू हा रवळनाथापुढं गावाचं गाऱ्हाणं घालतो. तो मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात आहे. एरवी हा माणूस चार शब्द सलग बोलत नाही. देवळाच्या पायरीशी उभा राहिला आणि सुरू झाला:

"बा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो गाव तुझ्या पायरीम्होरं हुबा ऱ्हायलाय!"

मागून सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मी ऐकत राहिलो. आधी देवाचं नाव आणि मान, मग गावाची हकीकत, मग अडचण, मग मागणं. सगळं ठरल्या क्रमानं, न रडता, न भीक मागता. आणि शरद, त्या सबंध गाऱ्हाण्यात 'मी' एकदाही आला नाही. त्याची स्वतःची म्हैस आदल्या आठवड्यात मेली होती. तिचा शब्दसुद्धा त्यानं काढला नाही, कारण ते गावाचं गाऱ्हाणं होतं. इंग्रजी निबंधाला लागणारी सगळी शिस्त ह्या माणसाच्या तोंडात होती.

परत आल्यावर मी भरमाला सांगितलं, "तुझा आप्पा देवापुढं बोलतो तसं लिही." त्याचे डोळे बदललेले मी पाहिले. महिन्याभरात त्याचं लिहिणं सुधारलं, पावसाळा सरेपर्यंत वर्गात त्याचा हात धरणारा कोणी राहिला नाही. फक्त प्रत्येक निबंधाखाली गाऱ्हाण्याचा तो शेवट असायचा: चुकलंमाकलं पदरात घ्यावं. बाकीच्यांच्या कागदावर चिंचोक्याएवढी चूक मी सोडली नाही. हा शेवट मात्र लाल शाईनं कधी खोडला नाही. मला तो गोड वाटायचा. तीस निबंध तपासून डोकं उठलं की मी भरमाचा मुद्दाम शेवटी घ्यायचो.

परीक्षेला निघताना त्याला सांगायला हवं होतं. एवढं त्याला कळत असेल असं मी धरून चाललो.

परवा त्याला विचारलं, "पेपरात कशाला लिहिलंस रे ते?" तो म्हणाला, "सर, शेवट न करता गाऱ्हाणं सोडलं तर घातल्यालं धरत न्हाईत. आप्पाला एकदा मधीच खोकला आलता, तर गावानं पैल्यापासनं घालाय लावलं." मार्क मागणं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. निबंध तिथं पुरा होतो असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटू देणारा मी आहे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

हे समितीपुढं सांगायला शब्द तुझ्याकडे आहेत. माझ्याहून चांगले आहेत.

हरिभाऊ

खडेबाजार, बेळगाव
ता. ३० जून १९४०

शरद,

ह्या वेळी तू चार पानं लिहिलीस, बरं वाटलं. वसुधानं पत्र देवापाशी ठेवलं आहे.

विद्यापीठाकडून भरमाला खुलासा मागणारा कागद आला. तू लिहिलंस तसंच त्यात आहे. अयोग्य मार्गानं परीक्षकाचं मन वळवण्याचा प्रयत्न केला हे मान्य करून माफी मागितली, तर हे वर्ष जाईल पण पुढच्या मार्चात बसता येईल. मान्य न केलं तर काय होईल ते समिती ठरवील. तुझा सल्ला व्यवहाराचा होता आणि मी तो मानला. दोन दिवस खपून माफीचा मसुदा केला. सांगायला लाज वाटते, पण चांगला झाला होता. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

भरमाला घरी बोलावलं. वसुधानं चहा ठेवला. त्यानं कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. दोन वर्षांपूर्वी त्याला ह्यातला निम्मा कागद कळला नसता आणि त्यानं मुकाट सही केली असती. आता सगळा कळला.

"सर, ह्येच्यात मी फसवाय गेलतो असं लिवलंय."

"तशी पद्धत असते. तो नुसता शब्द आहे. सही कर आणि मोकळा हो."

"तुमी तर म्हणायचा, एकबी शब्द नुसता नसतोय."

मी चिडलो. म्हटलं, "शहाणपणा शिकवू नकोस. पुढचं वर्ष तरी वाचवायचंय का नाही?"

त्यानं कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "वर्स जाऊ दे, सर. पर आमचा आप्पा साऱ्या गावाम्होरं म्हणतो त्ये मी लिवलं. त्येला फसवनूक म्हणून खाली सही केली, तर गावात आप्पाम्होरं हुबा कसा ऱ्हाऊ? आन् उद्या त्यो गाऱ्हाणं घालाय लागला म्हंजे मी मागनं व्हय म्हाराजा म्हणायचं कसं?"

वसुधा दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, नका त्या पोराच्या मागं लागू."

मी मसुदा फाडला. रागानं फाडला की दुसऱ्या कशानं, मला सांगता येणार नाही. भरमाला म्हटलं, "मग तुझं तू लिही. मी एका अक्षराला हात लावणार नाही."

चौथ्या दिवशी त्यानं लिहून आणलं. शरद, मी वीस वर्षं हा धंदा करतो आहे, असला कागद माझ्या हाताखालून गेलेला नाही. आमच्या गावात अशी रीत आहे, ती कुठून आली, तिचा अर्थ काय, परीक्षेच्या नियमाशी तिचा विरोध कुठं येतो, आणि तो उमेदवाराच्या ध्यानात का आला नाही. सगळं आपापल्या जागी. कुठं आवाज चढलेला नाही, कुठं हात जोडलेले नाहीत. नियम मोडला हे त्यानं सरळ मान्य केलं, फसवलं हे केलं नाही. वाचताना मला त्याचा राग दिसत होता, पण कागदावर रागाचा एक शब्द दाखवता आला नसता.

आणि खाली तो शेवट नव्हता. मी विचारलं, "आज गाऱ्हाणं अर्धं कसं सोडलंस?"

"हितं कशाला, सर? हितं देव कुठाय?"

कागद मी स्वतः रजिस्टर केला आहे. तुझ्या मुंबईत एवढं इंग्रजी लिहिणारी मुलं किती आहेत ते आता समितीला कळू दे. बऱ्याच दिवसांनी रात्री झोप लागली.

हरिभाऊ

खडेबाजार, बेळगाव
ता. २३ ऑगस्ट १९४०

शरद,

निकाल लागला. तुला आधीच ठाऊक असेल.

भरमाला तीन वर्षं कोणत्याही परीक्षेला बसता येणार नाही. कारण असं दिलं आहे, की निवेदनाची भाषा पाहता ते उमेदवारानं स्वतः लिहिलं असणं संभवत नाही. सबब दुसऱ्याकडून लिहून घेऊन समितीची दिशाभूल केली, हा पहिल्याहून मोठा अपराध. आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना वेगळं पत्र आहे की संबंधित शिक्षकास समज द्यावी. त्यांनी मला बोलावून समज दिली. त्यांचाही विश्वास नाही. 'हरिभाऊ, तुम्ही जरा कमी चांगलं लिहायला हवं होतं,' असं म्हणाले. मी आकांत केला. पट्टेवाला आत येऊन पाहून गेला.

वाईट लिहिलं असतं तर मुलगा सुटला असता. मी शिकवलेलं त्याला आलं म्हणून तो बुडाला.

त्याला निकाल वाचून दाखवायची गरज पडली नाही. त्यानं स्वतःच वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "सर, वंगाळ लिवलं तवा हसलं. चांगलं लिवलं तवा चोर म्हणलं. आता कसं लिवायचं?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर तो खाली वाकला, मला वाटलं नमस्कार करतोय. तो वहाणा घालत होता.

आता तुझं. प्रमोदिनीनं वसुधाला लिहिलंय की त्या बैठकीला तू हजर होतास, आणि घरी येऊन जेवला नाहीस. म्हणजे तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर जेवला असतास. समितीत बाकीच्यांनी तो शेवटच तेवढा पाहिला असणार, सबंध निबंध तू वाचला होतास. त्याचा निबंध वाचताना तू पेन्सिल खाली ठेवली होतीस, माझ्या सांगण्यावरून नाही. निबंध लिहिणारा आणि निवेदन लिहिणारा हात एकच, हे सांगायला तुला मी लागत होतो काय? की आपल्या भावाचं नाव मध्ये येईल म्हणून भ्यालास? तसं असेल तर मला स्पष्ट कळव. मला राग येईल, पण समजेल.

एकच मागणं आहे. त्याला तुमच्या समोर बसवा. विषय तुम्ही द्या, कागद तुमचा, टाक तुमचा. मी मुंबईच्या वेशीतही पाऊल ठेवत नाही. त्यानं तिथं तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलं तर मग बोला. एवढी परवानगी तू मिळवून दे. माझ्या स्वतःसाठी आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही, म्हणून हे मागताना मला भीड वाटत नाही.

हरिभाऊ

खडेबाजार, बेळगाव
ता. १४ नोव्हेंबर १९४०

शरद,

तुझं पत्र परवा आलं. समितीनं मान्य केलं, डिसेंबरात भरमाला समोर बसवून लिहायला लावणार, बरोबर लिहिलं तर बंदी उठवणार. एवढं करून घ्यायला तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तू सविस्तर लिहिलंयस. तू ह्यासाठी आपली जागा पणाला लावलीस. तुझ्याविषयी माझ्या मनात आता काही नाही. वसुधा म्हणते, संक्रांतीला दोघांनी या. मीही म्हणतो.

पत्र खिशात घालून मी लगेच खानापूरची गाडी धरली. पुढं बैलगाडी मिळाली नाही, पायीच गेलो. वाटेत शेतं कापणीला आली होती. मला वाटलं, हा कुठं तरी वाकून भात कापत असेल, मी बांधावरून हाक मारीन, 'भरमा, वर ये, तुझं झालं.' हे मी सबंध वाट मनात म्हणत गेलो.

रवळू अंगणात होता. मला पाहून उठला, घोंगडी अंथरली.

"भरमा कुठाय?"

"न्हाय मास्तर. पलटणीत गेला. दसरा झाला आन् गेला."

त्याची आई नागुबाई दारातच होती, ती भिंतीकडं तोंड करून बसली. शरद, मी तरीही खिशातलं पत्र काढलं. म्हटलं, काही बिघडलं नाही, परवानगी आलीय, पलटणीच्या साहेबाला अर्ज करतो, चार दिवसांची रजा देतील. लिहिण्यावाचण्याची माणसं त्यांना हवीच असतात. इंटरपर्यंत शिकलेला मुलगा, एव्हाना त्याला कचेरीत बसवलं असेल.

रवळूनं मान हलवली. मग म्हणाला, "न्हाय वं मास्तर. मी गेलतो संगट. बेळगावात कॅम्पातच झाली भरती. साहेबाच्या कारकुनानं इचारलं, शाळा किती? तर ह्यो म्हणाला, शाळेत गेलो न्हाय. लिवाय वाचाय येतं का? तर म्हणाला, न्हाय येत. मी त्येच्या तोंडाकडं बघितलं. त्येनं माझ्याकडं बघितलं न्हाय. मग अंगठा उठिवला त्येनं."

मी विचारलं, "तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलू? भाईर आल्यावर म्हटलं, लेकरा, आसं का केलंस? तर म्हणाला, आप्पा, शिकल्यालं हाय म्हटलं असतं तर लिवाय बसिवलं असतं. मला आता कायबी लिवायचं न्हाय."

काल कॅम्पात जाऊन आलो. ओळखीच्या एका हवालदाराकडून कळलं की त्या रंगरूटांना दुसरीकडं हलवलं आहे. कुठं ते सांगत नाहीत. मी त्याला आडून विचारलं, एखाद्या निरक्षर शिपायाला परीक्षेसाठी रजा मिळेल का? तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, 'मास्तर, भरतीच्या वेळी खोटं सांगितलं असेल तर तोंड मिटून बसा. कळलं तर त्या पोराला शिक्षा होते.' म्हणजे तो लिहिणारा आहे हे सिद्ध करायचं तर तो दुसऱ्यांदा खोटा ठरतो. माझ्याकडे त्याचे दोन वर्षांचे निबंध आहेत. तेही मी आता कोणाला दाखवू शकत नाही.

समितीला तूच कळव की उमेदवार हजर राहू शकत नाही. कारण देऊ नकोस. त्यांना पटेल असं वाक्य तुला येतं.

त्याला निदान कळावं, की त्याचं म्हणणं खरं होतं असं इथं कोणी तरी कबूल करायला निघालं आहे, एवढंच मला हवं होतं. परवा गावाहून निघताना रवळूला म्हटलं, पलटणीच्या पत्त्यावर मी आजच पत्र घालतो. त्यानं माझा हात धरला. आजवर त्यानं कधी मला शिवलं नव्हतं.

"नगा मास्तर, पत्र घालू नगा. त्येला वाचाय येत न्हाय म्हणून सांगून गेलाय. दुसरा कोन तरी वाचून दावंल, आन् ह्येला गप बसून ऐकाय लागंल."

हरिभाऊ